कोपी आणि कॉपी

गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेच्या समारोपास उपस्थित राहण्याचा योग आला. मुख्य वक्त्यांचे भाषण आटोपल्यावर संयोजकांनी एका तरुणास मनोगतासाठी उभे केले. आई-वडील ऊसतोड मजूर, स्वतः पदवीधर, सध्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. मुलाने सुरुवात चांगली केली. दिवाळी झाली की शाळा मागे टाकून आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जावे लागे. रात्री-अपरात्री गाडी भरावयास दोघे फडात गेले की धाकट्या बहिणीला सांभाळीत तो एकटाच बसून असे. सभागृह निःशब्द होते. बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘कोपीत प्यायला पानी नसायचं.’’

पहिल्या रांगेतून आवाज आला, ‘‘पाणी म्हण बाळ, पाणी. बाणातला ण.’’

थोडी खसखस पिकली. मुलगा ओशाळला, ‘पाणी’ म्हणाला आणि पुढे निघाला, ‘‘दहावीचा अभ्यास मी कोपीतच केला.’’ त्याच खुर्चीतून लगेच उत्तर आले, ‘‘म्हणजे कॉपी करूनच पास झालास म्हण की!’’

या वेळी सारे सभागृह हसले. व्यासपीठ हसले. प्रस्तुत लेखकही हसला, हे येथे कबूल केले पाहिजे. कारण कोटी जमली होती. मुलाने आणखी दोन वाक्ये कशीबशी पुरी केली, सर्वांना नमस्कार केला आणि तो मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर आजतागायत तो कुठल्याही व्यासपीठावर चढलेला नाही, असे संयोजकांकडून कळते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती खोप. वाकून आत शिरावे लागते, आणि आत गेल्यावर उभे राहता येईलच याची खात्री नसते. बीड, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या भागांतील लाखो माणसांचे दरवर्षीचे सहा महिने या कोपीत जातात. त्या मुलाच्या तोंडचा हा शब्द अस्सल मराठी होता, अर्थ अचूक होता, विभक्ती अचूक होती. चूक काढणाऱ्यास तो शब्द माहीत नव्हता, किंवा माहीत असूनही त्याला हसे पिकवण्याचा मोह आवरला नाही. यांपैकी अधिक वाईट कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

ते गृहस्थ कोणी परके नव्हेत. निवृत्त शिक्षक, सज्जन, आपल्याच कार्यक्रमांना नेमाने येणारे. या साप्ताहिकाचे वर्गणीदार असण्याचीही शक्यता आहे. म्हणूनच हा लेख लिहिणे भाग आहे. मराठीचा द्वेष करणाऱ्यांवर आपण पुष्कळ लिहिले. मराठीवर प्रेम करणारे मराठी माणसाची वाचा कशी बंद करतात, त्यावर कोणी लिहावयाचे?

प्रथम एक खुलासा. कोट्यांशी आमचे वैर नाही. बीडच्या माणसाचे असूही शकत नाही. आमच्या जिल्ह्याचे नावच मुळी कोटीसाठी जन्मास आले आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. पुण्या-मुंबईस गेलो की कोणी ना कोणी विचारतोच, ‘‘तुम्ही बीडचे की बिडाचे?’’ व्याकरणाच्या दृष्टीनेही हा प्रश्न सुंदर आहे. धातूच्या नावाचे सामान्यरूप होते आणि दीर्घ बी ऱ्हस्व होते, म्हणून तवा ‘बिडाचा’. गावाच्या नावाचे ते होत नाही, म्हणून माणूस ‘बीडचा’. एका वेलांटीच्या फरकाने माणसाचा तवा होतो! ही कोटी आम्ही आनंदाने ऐकतो. वर ‘बीड वाकत नाही, तुटते’ अशी पुस्तीही जोडतो. येथे कोटी करणारा आणि ऐकणारा एकाच पाटावर बसलेले असतात.

आणि शब्दांशी खेळणे ही तर आपल्या भक्तिपरंपरेचीच सवय. मोरोपंतांनी रामकथा सांगण्यासाठी जे नाना खेळ मांडले, त्यांत ज्याच्या उच्चारात ओठास ओठ लागत नाही असे ‘निरोष्ठ रामायण’ही आहे. संभाजीनगरच्या अमृतरायांचे कटाव अनुप्रासाच्या घोडदौडीवर चालतात. गोदावरीच्या पलीकडे पैठणास नाथांनी भारुडांत श्लेषाचा जो बाजार भरवला, त्यात प्रपंचाच्या साध्या शब्दाखाली परमार्थ दडलेला असतो. नाथांचा श्लेष ऐकून जोशी, वाघ्या, गोंधळी यांपैकी कोणासही आपण हिणवले गेलो असे वाटले नाही. कारण ते त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच सोंगात शिरून बोलत होते.

याच पैठणची एक फार जुनी कथा आहे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. अंगावर पाण्याचा मारा सहन न होऊन एक राणी संस्कृतात म्हणाली की, मला उदकाने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी झाला ‘मोदकैः’. राजास संधी उमगला नाही. त्याने सेवकांना मोदक आणावयास सांगितले! राणी हसली. येथे पाण्यात मोदकांचे काय काम, एवढा साधा संधी कळू नये, असे चारचौघांत बोलली. राजा महालात जाऊन पडला. कोणाशी बोलेना, राज्यकारभार पाहीना.

पुढचा भाग आपल्याकडे क्वचित सांगितला जातो. राजाच्या पदरी दोन विद्वान होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकावयास एरवी बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने प्रतिज्ञा केली की, हे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकेयाची आराधना करून ‘कातंत्र’ नावाचे सुटसुटीत व्याकरण सिद्ध केले आणि राजा खरोखर शिकला. गुणाढ्याने तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याच्या अरण्यात जाऊन पैशाची भाषेत बृहत्कथा रचली. त्या भाषेकडे पाहूनच राजसभेने ग्रंथ परत पाठवला आणि कवीने सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष श्लोक पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले.

कथा म्हणूनच ती घ्यावी, इतिहास म्हणून नव्हे. पण पाहा, एका संधीवरून पिकलेल्या हशाने किती उलथापालथ केली! राजा सिंहासनावर होता, म्हणून त्याला शर्ववर्मा मिळाला. ऊसतोड कामगाराच्या मुलासाठी कोणता शर्ववर्मा सहा महिने खपणार आहे? त्याच्या वाट्यास फक्त राणीचे हसणे येते. (राजशेखराने काव्यमीमांसेत नोंदवले आहे की, सातवाहनाच्या अंतःपुरात प्राकृतच बोलण्याचा दंडक होता, असे ऐकिवात आहे. राजाने शोधून काढलेला कायमचा उपाय तो हाच असावा काय?)

‘शास्त्र म्हणजे शास्त्र’ असे म्हणणाऱ्यांसाठी थेट महाभाष्याचा दाखला देतो. पतंजलींनी एक प्रसंग सांगितला आहे. एका वैयाकरणाने रथ पाहून विचारले, या रथाचा ‘प्रवेता’ कोण? सारथी म्हणाला, मी याचा ‘प्राजिता’. वैयाकरण म्हणाला, हा अपशब्द आहे. सारथ्याने उत्तर दिले की, महाराजांना नियम कोठवर पोहोचतो ते कळते, पण लोकांस काय इष्ट आहे ते कळत नाही. हे रूप चालते. संतापलेल्या वैयाकरणाने सूताला शिवी द्यावी म्हणून ‘दुरुत’ हा शब्द वापरला, तर सारथ्याने तीही दुरुस्त केली: ‘सूत’ हा शब्द आपण समजता त्या धातूपासून आलेला नाही, तेव्हा शिवी द्यावयाचीच असेल तर ‘दुःसूत’ म्हणा! व्याकरणशास्त्राच्या सर्वोच्च ग्रंथात सारथी जिंकतो आणि हे लिहिणारा स्वतः वैयाकरण आहे. याच ग्रंथाच्या प्रारंभी पतंजली म्हणतात की, घट हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारी जात नाही. शब्द लोकांत असतात.

या घटावरून आम्हांला आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांचे स्मरण होते. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. लांबच लांब पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवणारा हा पुरुष ‘गीतार्णवा’त मराठीची बाजू मांडताना नेमका मडक्यांचाच दाखला देतो. संस्कृतात घट म्हटले की संपले, मराठीत मात्र डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळे. प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक उपयोगाला स्वतंत्र नाव, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. संस्कृतावर त्यांचा राग नव्हता. ते त्यातही लिहीत होते. परंतु ज्ञानाचा मक्ता एकाच भाषेकडे आहे, असे सांगणाऱ्यांपुढे त्यांनी कुंभाराचा आवा उघडून दाखवला. त्याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखवतात. ‘विवेकसिंधु’मध्ये शके १११० चा उल्लेख येतो. कालाविषयी आणि स्थळाविषयी विद्वानांत वाद आहेत, ते असोत. वेदान्त मराठीत सांगण्याबद्दल त्यांना जी सफाई द्यावी लागली, ती कोणत्या प्रकारच्या पहिल्या रांगेपुढे द्यावी लागली असेल, याची कल्पना करता येते.

दासोपंत आज असते तर ते फडात गेले असते, असे आम्हांला वाटते. तेथली भाषा पाहा. मजूर नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. जोडीदार नसला तर ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’. कामावर न गेल्याचा दिवस तो ‘खाडा’. उसाचा हिरवा शेंडा ते ‘वाढं’. ते विकून मिठामिरचीची सोय होते. दोन जिवंत माणसे मिळून लोखंडाचे एक हत्यार मोजले जावे, या लक्षणेत सबंध जिल्ह्याचा अर्थव्यवहार आणि त्याचे दुःख आलेले आहे. अलंकारशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून हे कधी कोणी दिले आहे काय? ‘सारा गाव जमला’ हे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण मात्र पिढ्यानपिढ्या चालू आहे.

आता त्या ‘पानी’विषयी. प्रमाण मराठीत ‘पाणी’ लिहावे, यात दुमत नाही. पण न म्हणजे गावंढळ आणि ण म्हणजे सुसंस्कृत, ही समजूत भाषेच्या इतिहासात टिकत नाही. मराठीची पूर्वज मानली जाणारी महाराष्ट्री प्राकृत संस्कृतातील न सरसकट ण करीत असे. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात तसा नियमच आहे. म्हणजे ज्या काळी ‘नगर’ शुद्ध होते, त्या काळी ण म्हणणारा लोकांच्या हसण्याचा विषय झाला असता. त्याच प्राकृतातील गाथासप्तशती पुढे करून आपण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले. पूर्वजांच्या ‘चुकां’चे पेढे वाटावयाचे आणि वंशजाच्या ‘चुकी’वर हशा पिकवावयाचा, हा न्याय कुठला?

दुसरे उदाहरण. ‘येतो आहे’ याचे झिजून ‘येतोय’ झाले. ते पुण्यात बोलले जाते, नाटकांत येते, कोणाला खटकत नाही. आमच्याकडे ‘येऊ लागला आहे’ याचे झिजून ‘यिऊलालाय’ झाले. झीज तीच, प्रक्रिया तीच. मग एक लाघव आणि दुसरे हास्यास्पद कसे? फरक ध्वनीत नाही, बोलणाऱ्याच्या पत्त्यात आहे. आपण समरसतेवर बौद्धिके देतो, सहभोजने करतो. ताटाला ताट लागले की समरसता पुरी झाली असे समजतो आणि त्याच पंगतीत तोंड उघडणाऱ्याचा उच्चार तपासतो!

हा लेख वाचून टाळ्या पिटण्यास जी मंडळी पुढे सरसावतील, त्यांनीही जरा थांबावे. शुद्धलेखन हे मूठभरांचे कारस्थान आहे, नियम फेकून द्या, पोरांना कसेही लिहू द्या, असा एक पुरोगामी पंथ आपल्याकडे आहे. त्या पंथातील बहुतेकांचे स्वतःचे लेख व्यवस्थित तपासून छापले जातात आणि त्यांच्या मुलांना कोणत्याही परीक्षेत ऱ्हस्व-दीर्घामुळे गुण गमवावे लागत नाहीत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसणाऱ्या धारूरच्या मुलास मात्र व्याकरणाचा प्रश्न सुटत नाही. त्याला ‘तुझी बोली श्रेष्ठ आहे, नियम शिकू नकोस’ असे सांगणे ही त्याची फसवणूक आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे केविलवाणा. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे सारथी किंवा धागा. वेलांटीला अर्थ असतो. तो शिकवला पाहिजे, आणि कसोशीने शिकवला पाहिजे.

हे मी अनुभवाने सांगतो. पदवी घेऊन मी एका जिल्हा दैनिकात उमेदवारीस लागलो, तेव्हा तेथे अजून खिळे जुळवून छपाई होत असे. पहिल्याच वर्षी एक मेच्या अंकात माझ्या हातून ‘महाराष्ट्र दीन’ असा मथळा गेला. सकाळी कार्यालयात पोहोचेपर्यंत कोणी चार लोक हसून गेले होते. आमचे वृद्ध मुद्रितशोधक हसले नाहीत. सायंकाळी सर्वजण गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवले, दोन कोरे कागद घेतले आणि ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलणारे शब्द एकाखाली एक लिहून दिले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कागद. असे महिनाभर चालले. त्या कागदांची चळत माझ्याकडे अजून आहे. त्यांनी त्या दिवशी मला चारचौघांत ‘दीनानाथ’ म्हणून हाक मारली असती, तर कोटी उत्तम झाली असती आणि मी बहुधा वडिलांच्या किराणा दुकानात बसलो असतो.

शिवाय नियमांचे स्वतःचे वय किती, हेही ध्यानात असावे. आज आपण ज्यांवरून एकमेकांना धारेवर धरतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्यशासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्यापूर्वीची अनुच्चारित अनुस्वारांची झुंबड त्या नियमांनी हटवली. आजच्या लाल शाईने १८८१ च्या ‘केसरी’चा पहिला अंक तपासला, तर लोकमान्य अनुत्तीर्ण होतील. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे काय? त्यांनी लिपिशुद्धीसाठी ‘अ’चीच बाराखडी स्वीकारली आणि अि, अी, अु असे लिहिले. कोणत्याही शाळेत अशी वही कोपऱ्यात उभी केली गेली असती. सावरकरांच्या भाषाशुद्धीस त्या काळी थोडे लोक हसले काय? तरी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द रुजले. कारण सावरकर दुसऱ्याच्या चुका मोजत बसले नाहीत, त्यांनी पर्यायी शब्द घडवून लोकांच्या हाती दिले. छत्रपती शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांचे राज्य हटवण्यासाठी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हाही पद्धत हीच होती.

आणि नाथ! शके १५०६ मध्ये त्यांनी अपपाठांनी भरलेली ज्ञानेश्वरी शोधून शुद्ध केली. अक्षराअक्षरासाठी एवढा काटेकोर असलेला माणूस भारुड लिहिताना रस्त्यावरची बोली जशीच्या तशी उचलतो. शुद्ध पाठाचा आग्रह त्यांनी ज्ञानदेवांच्या ग्रंथासाठी धरला, समोरच्या श्रोत्याच्या जिभेसाठी नव्हे. ग्रंथ आणि माणूस यांतला हा भेद आमच्या पहिल्या रांगेस का कळू नये?

त्या सायंकाळी मुख्य वक्त्यांच्या भाषणात ‘ॲक्च्युअली’ बारा वेळा आले. मी मोजले होते. पत्रकाराला ही वाईट खोड असते. शिवाय ‘माझी मदत करा’ हे हिंदीच्या वळणाचे वाक्यही दोनदा आले. पहिल्या रांगेतून हूं की चूं झाले नाही. त्या गृहस्थांची नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात आणि त्यांना ‘एकोणसाठ’ म्हणजे किती ते विचारावे लागते, हेही मला ठाऊक आहे. मराठीची पडझड ज्या बाजूने होत आहे, तिकडे पाठ करून आपण पहारा देत आहोत. आणि ज्या घरांत मराठीशिवाय दुसरी भाषाच नाही, त्या घरातल्या मुलाला वेशीवर अडवून परवलीचा शब्द विचारीत आहोत.

मी त्या मुलाचा पत्ता मिळवला आणि सभागृहात अपुरे राहिलेले मनोगत लिहून पाठवण्याची विनंती केली. दोन महिने उत्तर नव्हते. मग अकरा पाने आली. ती एका दिवाळी अंकासाठी टंकलेखनास दिली, तर जुळून आलेल्या मुद्रितात सर्वत्र ‘कॉपी’! टंकलेखकाने चूक समजून सुधारणा केली होती. सतरा ठिकाणी मी ती पुन्हा ‘कोपी’ केली. ‘पानी’चे ‘पाणी’ केले आणि का केले ते त्याला समोर बसवून सांगितले. त्याने सर्व मान्य केले; फक्त एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, ‘‘काका, इथं मात्र ‘पानी’च राहू द्या. इथं माझी आई बोलते.’’ ते तसेच छापले आहे.